ना हरकत, खोली क्रमांक चौदा

खोली विकायची आहे.
तळमजला, एकच खोली, पुढं ओटा, मागं मोरी.
मोरी म्हणायचं नाही आता, बाथरूम म्हणायचं,
असं विनोदा चिलवेरी पुण्याहून फोनवर बजावते.
चावी माझ्याकडं. विणकर सोसायटीचा सेक्रेटरी मी,
सव्वीस वर्षं, बिनविरोध,
कारण दुसरं कुणी अर्जच भरत नाही.

आलेल्या माणसाला मी आधी छत दाखवतो.
पीओपी, त्यात चार गोल दिवे.
मग काळ्या ग्रॅनाइटचा कट्टा,
मग भिंती, ज्यांच्या रंगाचं नाव
डब्यावर 'कोवळं ऊन' असं छापलं होतं.
(सोलापुरात हे कधी पडतं, मला माहीत नाही.)
खाली पांढरी फरशी, दोन बाय दोनची,
पाय ठेवायला लाज वाटेल अशी.
टाकी हजार लिटरची घेतलीय,
पाणी पाचव्या दिवशी येतं, ते मी लपवत नाही.
बाकीचं थोडं लपवतो.

बँकेतला एक जण गाडी कुठं लावू विचारून गेला.
अक्कलकोटचं एक जोडपं
देव्हाऱ्याची दिशा बघत बसलं आणि पूर्वेवरून भांडलं.

मग भाग्यवंती म्हेत्रे आली.
सिव्हिलची नर्स. रात्रपाळी करून थेट,
हातात रिकामा डबा, डोळे लाल.
छताकडं बघितलंच नाही तिनं.
चपला ओट्यावर काढून
टाचेनं टकटक करत फिरली,
पेशंटची पाठ वाजवून बघावी तशी.
"काका, इथं पोकळ लागतंय की ओ."
मग दोन पावलांवर, "इथं पण."
मग तिसरं. मग चौथं.
चारही कोपरे धरून उभी राहिली मधोमध.

फरशीवाल्यानं माल कमी घातला असेल, म्हणालो.
ते खरं होतं. पण एवढंच खरं नव्हतं.

तिथं नरसय्या चिलवेरीचा माग होता, बाई.
चार बोल्टांवर, जमिनीत हातभर.
राहत्या जागेत यंत्र चालवू नये,
असं आपल्या उपविधीत ठळक लिहिलंय.
वरच्या खोलीत मी राहतो.
एकोणीस वर्षं माझ्या बशीतला चहा
स्वतःहून थरथरत होता,
आणि एकोणीस वर्षं मी वहीत लिहिलं:
तक्रार, नाही.
दिवाळीला तो दोन टॉवेल आणून द्यायचा.
लाच म्हणा. त्यातला एक
अजून पाणी टिपतो.

माग भंगारात गेला तेव्हा किलोवर मोजला.
त्या रात्री बायको उठून बसली,
म्हणाली, आपलं घड्याळ बंद पडलं का बघा.

भाग्यवंती ऐकत होती की उभ्याउभ्या झोपली होती,
कळेना. मग म्हणाली,
"मला दिवसा झोपावं लागतं. आता आवाज असतो का?"
नाही, म्हणालो. आता काहीच आवाज नाही.
"मग पंधरा हजार कमी करा.
चार फरश्या उचलून बसवाव्या लागतील."

फोन लावला. पलीकडं विनोदा,
तिच्यामागं कुकरची शिट्टी.
पंधरा हजार म्हटल्यावर गप्प झाली.
मला वाटलं, आता चिडणार.
"चारही तिथंच आहेत?"
आहेत.
"मी मिस्त्रीला सांगितलं होतं, भरून घे म्हणून."
पुन्हा शिट्टी.
"बरं झालं. करा कमी."

संध्याकाळी वही काढली.
हस्तांतरणास सोसायटीची हरकत नाही,
हे वाक्य माझ्या हाताला पाठ आहे.
शेऱ्याचा रकाना मात्र
सव्वीस वर्षं कोराच सोडत आलो.
त्यात लिहिलं: फरशीखाली चार भोकं. माग होता.
शाईची गादी वाळली होती.
शिक्क्यावर हाः करून वाफ सोडली,
जोर देऊन दाबला.
अर्धाच उमटला. चालतो.